पचक्याचे वडे

मराठीत 'पचका' नावाचा एक शब्द आहे. फजिती म्हटलं की चार लोक हसलेले दिसतात, निराशा म्हटलं की माणूस एकटा खिडकीशी बसलेला दिसतो. पचका या दोन्हींच्या मधला. मोठ्या हौसेनं काही ठरवावं, दहा जणांना सांगावं, ऐन वेळी ते फसावं आणि आता तोंड कुठे लपवावं ते कळू नये, त्याला पचका म्हणायचं. दत्तात्रय विधाते यांचं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरलं. आडनाव विधाते, पण ठरवलेलं घडवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. हा विनोद आमच्या कंपनीत इतक्यांदा झाला होता की शेवटी शेवटी तो करणाऱ्यालाच लाज वाटायची.

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. मी तपासणी विभागात, ते उत्पादन नियोजनात. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे कंपनीत ते 'साहेब' आणि गल्लीत 'विधातेभाऊ'. माझ्या तोंडात भाऊच बसलं.

कामातले भाऊ म्हणजे घड्याळ. कुठला सुटा भाग कधी मशीनवर चढणार आणि कधी गाडीत भरला जाणार, हे ते तक्त्यात लिहायचे आणि तसंच व्हायचं. तक्ता पट्टीनं आखलेला असे, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. त्यात शेवटून दुसरा रकाना 'राखीव वेळ' आणि शेवटचा 'शेरा'. गेटच्या आत या माणसाचं एक काम उशिरा झालं नाही. गेटच्या बाहेर मात्र एक काम धड झालं नाही. आणि भाऊंना हौस होती ती नेमकी गेटच्या बाहेरची.

पहिला पचका मला चांगला आठवतो, कारण पुढचा सगळा प्रकार त्यातून निघाला. कारखाना देखभालीसाठी मे महिन्यात चार दिवस बंद असायचा. भाऊंनी ठरवलं की त्यातल्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं. दोन दुर्बिणी मागून आणल्या. प्रत्येकाच्या हातात तक्त्याची प्रत दिली. त्यात लिहिलं होतं, 'सकाळी ७.१५ ते ८.०० – परदेशी पक्षी. राखीव वेळ – १० मिनिटे.' आम्ही पावणेसातलाच पोचलो. पाणी पार आत गेलेलं, काठावर भेगा पडलेल्या आणि चिखलात म्हशी बसलेल्या. टपरीवरच्या चहावाल्याला भाऊंनी विचारलं, "पक्षी कोणत्या बाजूला?"

तो म्हणाला, "पक्षी? ते कधीच गेले ना त्यांच्या गावाला. हिवाळ्यात यायचं राहतं. आता म्हशी हायेत."

परदेशी पाहुणे उन्हाळ्यात परत जातात, हे तक्त्यात नव्हतं. भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि आकाशाकडे बघत म्हणाले, "ठरलं तर होतं बरोबर." त्यांचे कान लाल झाले होते. हे वाक्य आणि हे कान पुढे आम्ही वीस वर्षं पाहिले.

तेव्हा दिलीप नावाचा आमचा एक लेथ ऑपरेटर मागून म्हणाला, "साहेब, पचका वडा झाला ना तुमचा."

भाऊंनी विचारलं, "पचका वडा म्हणजे?"

आता पचका वडा म्हणजे नुसतीच पोरांची बोलायची पद्धत. त्यात वड्याचा संबंध काही नाही. पण दिलीप गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "म्हणजे ज्याचा पचका होतो त्यानं सगळ्यांना वडे द्यायचे, साहेब. रीत हाय तशी."

भाऊंना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? त्यांच्या कारणानं लोकांचा दिवस वाया गेला होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ते गेटबाहेरच्या गाडीवरून गरम वड्यांचं पुडकं घेऊन आले आणि हातानं एकेकाला देत फिरले. "काल माझा पचका झाला," असं प्रत्येकाला सांगून. तक्त्याच्या 'शेरा' या रकान्यात लाल पेन्सिलीनं त्यांनी लिहिलं, 'पचका'. ही थट्टा होती हे कोणीही त्यांना सांगितलं नाही. फुकटचा वडा कोणाला नको असतो? मीही नाही सांगितलं, हे इथे कबूल करते.

पण गंमत अशी झाली की थट्टेची रीत खरीच रीत झाली. भाऊंचे पचके काही थांबत नव्हते. एकदा हुरडा पार्टीला तीस माणसं नेली आणि शेतमालकानं आदल्या दिवशी ज्वारी कापलेली. एकदा मोठ्या साहेबांच्या निरोपाला शाल आणली ती दुकानदारानं बांधून दिली, उघडली तर आत लुगडं. प्रत्येक वेळी चष्मा, कान, ठरलं तर होतं बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी वडे. असं केल्यावर माणसाला हसायचं तरी कसं? ज्यानं स्वतःच सांगून टाकलं त्याची टिंगल करायला काही उरतच नाही. हळूहळू दुसऱ्यांचे पचके झाले की तेही वडे आणायला लागले. कोणाची ठरलेली सोयरीक मोडली, कोणाची गाडी नवी घेतली त्याच दिवशी ठोकली. वडे आणले, सांगितलं, खाल्ले, विषय संपला. भाऊ म्हणायचे, "पचका पचत नाही. वडा पचतो."

माझाही झाला. मला बढती मिळणार हे वरून कळलं म्हणून मी आदल्या दिवशीच पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पत्र निघालं ते दुसऱ्याच्या नावाचं. ज्यांनी माझे पेढे खाल्ले होते त्यांच्या समोरून जायचं म्हणजे पायाखालची जमीन दुभंगावी असं वाटत होतं. मी तपासणीच्या खोलीत मापं घेत बसले, घेतलेलीच परत परत. भाऊ आत आले. माझ्यासमोर कागदात एक वडा ठेवला, दुसरा स्वतः खायला लागले. सांत्वन वगैरे काही नाही. खाऊन झाल्यावर म्हणाले, "उद्या तुम्ही आणा. सगळ्यांना. स्वतः वाटा." मी वाटले. चौथ्या माणसापर्यंत माझा आवाज कापत होता, दहाव्यापर्यंत मीच हसत होते. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

आता मंगलवहिनींबद्दल सांगायला हवं. भाऊंच्या पत्नी मखमलाबादच्या बागाईतदार माळ्यांच्या घरातल्या. लहानपणापासून पहाटे चारला उठून झेंडू, शेवंती तोडायची आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायची. लग्न झाल्यावर फुलं सुटली पण चारचं उठणं सुटलं नाही. आधी सासू, मग भाऊंची पहिली पाळी, मग मुलीची शाळा. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. लग्नात भाऊंनी त्यांना शब्द दिला होता की तुला समुद्र दाखवीन. तो दर दोन-तीन वर्षांनी ठरायचा आणि दर वेळी काहीतरी व्हायचं. कधी संप, कधी कांजिण्या. वहिनी म्हणायच्या, "जाऊ द्या. गंगापूरचं धरण काय कमी हाय का?"

भाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. केरळला जायचं, आणि तेही ओझरहून विमानानं. तक्ता चार पानांचा झाला. गल्लीत बातमी पसरली. आमच्या समोरचे बोरसे, ज्यांना कोणाच्याही कुठल्याही गोष्टीचा फलक लावायची खोड आहे, त्यांनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला: 'विधाते दांपत्यास हवाई प्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा'. फोटोत भाऊंच्या मागे विमान, वहिनींच्या मागे लाटा. निघायच्या दिवशी बायकांनी दोघांना ओवाळलं, कोणी नारळ दिला, कोणी धपाटे. भाऊंनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. "सुरेखाताई, मागच्या तुळशीला पाणी तेवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन गेले. पुढच्या दाराचं कुलूप काढलं, दार लोटलं. आत पडदे ओढलेले, अंधार, आणि त्या अंधारात भाऊ आणि वहिनी जमिनीवर बसून चहा पीत होते. मी किंचाळणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "हळू गं बाई. बोरशांची आई ऐकंल."

झालं असं होतं की विमान रद्द झालं. पुढचं चार दिवसांनी. पुढची जोडलेली गाडी, बोट, हॉटेल सगळं एकात एक अडकवलेलं, त्यामुळे एक दोरा तुटला आणि सगळी माळ सांडली. दुपारपर्यंत दोघं विमानतळावरच बसून राहिले. मग रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी तो फ्लेक्स दिसला आणि भाऊंनी रिक्षा थांबवली. त्या फोटोखालून चालत यायचं त्यांना झेपेना. रात्री जेवणवेळेला गल्ली सामसूम होती, तेव्हा मागच्या बोळातून, मागच्या दाराचं कुलूप काढून दोघं स्वतःच्याच घरात शिरले, आणि पुढचं कुलूप तसंच राहू दिलं.

मी म्हटलं, "भाऊ, सांगून टाका. मी वडे आणते."

मी आणलेही. तुळशीला पाणी घालायच्या रिकाम्या बादलीत पुडकं लपवून. वहिनींनी दोन खाल्ले. भाऊंनी हात लावला नाही. चष्मा पुसत बसले. म्हणाले, "हे चालत नाही. वडा सांगून द्यायचा असतो. लपून खायचा नसतो."

"मग सांगा ना."

"बाकीचे पचके माझे होते हो," ते म्हणाले. "मी सांगत होतो. हा हिचा आहे. हिला काय म्हणून सगळ्यांसमोर उभी करू? तीस वर्षं ही समुद्र समुद्र ऐकतेय." त्यांनी वड्यांचं पुडकं परत माझ्या बादलीत ठेवलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवस दोघं घरात लपून राहिले. कुकर लावता येईना, शिट्टी ऐकू जाईल म्हणून. मिक्सर नाही, टीव्ही लावला तर आवाज बंद. सगळा स्वयंपाक भाऊंनी पातेल्यात केला, मंद आचेवर. मी दोन वेळा पाणी घालायला जायचे, एका तुळशीला अख्खी बादली, आणि बादलीत पाण्याऐवजी भाजी. बोरशांची आई मला म्हणाली, "कुजंल गं ती तुळस." मुलीचा पुण्याहून फोन आला की वहिनी घ्यायच्या आणि म्हणायच्या, "फोटो-बिटो काय नाय. तुझ्या बाबांनी सुट्टी घेतलीय."

पाचव्या दिवशी पहाटे मागच्या दारानं बॅगा घेऊन दोघं बसस्टँडला गेले आणि नऊ वाजता रिक्षातून थाटात परत आले, फ्लेक्सखालून. मी आदल्या संध्याकाळी सिडकोतून केळ्याचे वेफर आणून दिले होते, ते केरळचे म्हणून गल्लीत वाटले गेले. बायकांनी वहिनींना घेरलं. कसा होता समुद्र?

वहिनी म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला. सकाळी उठूच नाय असं वाटायचं."

सगळ्या हसल्या. भाऊ बाजूला उभे होते, कान लाल. चार पानी तक्त्याचा शेरा त्यांनी रिकामा ठेवला. तो मी नंतर त्यांच्या फाईलीत पाहिला. तेवढाच एक रिकामा.

दोन वर्षं गल्ली त्यांना केरळला जाऊन आलेलं जोडपं मानत होती. कोणी तिकडे निघालं की सल्ला विचारायला भाऊंकडे यायचं. भाऊ म्हणायचे, "हिला विचारा." आणि आत निघून जायचे. त्यांचं वजन उतरलं असं मला वाटायचं. त्यांनी या काळात नवीन काही ठरवलंही नाही. गणपतीत सहलीचा विषय निघाला की ते गप्प. भाऊंनी ठरवणं सोडलं म्हणजे काहीतरी फार बिनसलंय, हे मला आणि वहिनींनाच कळत होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या माघात, सकाळी, फाटकाशी. हातात नवा तक्ता होता. तीन रंगांत. दोन वर्षांनी त्या पेन्सिली पाहून मलाच बरं वाटलं.

"कोकणात जायचं," ते म्हणाले. "अख्खी गल्ली. बस सांगितलीय. हे बघा."

मी वाचलं. 'सायंकाळी ५.१५ ते ५.३० – समुद्रासमोर निवेदन (द. वि.). ५.३० – वडे.'

"निवेदन म्हणजे?"

"ज्याच्या नावानं खोटं बोललो त्याच्यासमोरच खरं सांगावं म्हणतो. आणि हिलाही तो एकदाचा दिसेल." त्यांनी चष्मा पुसला, पण हसत. "वडे आधीच सांगून ठेवलेत. ह्या वेळी काही चुकायचं नाही."

चुकलंच. निघायच्या आठ दिवस आधी ते झोपेतच गेले. वहिनी चारला उठल्या तेव्हा त्यांना कळलं.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर होतो. दोन-तीन घरांचे दहावे शेजारी शेजारी चालले होते. भाऊंचा पिंड ठेवला आणि कावळा येईना. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मुलगी पुढे होऊन म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." वहिनींच्या दिरानं काही सांगितलं, पुतण्यानं सांगितलं. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते, हलायला तयार नव्हते. गल्लीतली माणसं अवघडून उभी होती. बोरसे माझ्या शेजारी पुटपुटले, "काय राहिलं असेल हो? समुद्र तर बघून झाला होता त्यांचा."

वहिनींनी ते ऐकलं. त्या उठल्या. सकाळी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की गाडीवरून चाळीस वडे घे आणि डब्यात घालून आण, कशाला ते विचारू नको. मी डबा घेऊन उभीच होते. त्यांनी एक वडा मागून घेतला आणि पिंडाशेजारी ठेवला. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "आम्ही समुद्राला गेलोच नव्हतो. इमान रद्द झालं. चार दिवस घरातच व्हतो, कडी लावून. तुमच्या त्या फ्लेक्सला लाजून, बोरसे भाऊ."

गुरुजींचं मंत्र म्हणणं थांबलं.

वहिनी आता पिंडाकडे बघून बोलत होत्या. "अहो, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलला. पण मला काय कमी पडलं त्यात? जन्मात पयल्यांदा मी आठ वाजेपर्यंत झोपले. तुम्ही चहा करून उठवायचे. मला लय पुरलं ते. झालं, सांगितलं मी सगळ्यांना. वडे पण आणलेत. आता या."

भिंतीवरून एक कावळा उडाला. तो खाली आला, पिंडाजवळ टेकला, मान वाकडी करून वड्याकडे बघितलं, भाताकडे बघितलं. मग उडून शेजारच्या दहाव्यावर गेला आणि तिथला पिंड खाऊ लागला.

गुरुजींनी दर्भ घेतला आणि त्याचा कावळा वळायला सुरुवात केली. आम्ही खाली बघत उभे. कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघवेना.

वहिनींनी पदराच्या टोकानं डोळे पुसले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठरलं तर होतं बरोबर."

पहिल्यांदा मुलगी हसली, रडता रडता. मग बोरसे. मग सगळेच. मी डब्याचं झाकण काढलं आणि वहिनी स्वतः एकेकाच्या हातावर वडा ठेवत फिरल्या. "ह्यांचा पचका झाला व्हता," प्रत्येकाला सांगून.